चार पेशंट, तीन व्हायल

डिचोलीहून एका ताईंनी विचारलंय. आईला स्तनाचा कॅन्सर, रिपोर्ट हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे गाठीत हर-टू नावाचं प्रथिन जास्त). केमो झाली, आता वर्षभर दर एकवीस दिवसांनी ट्रास्टुझुमॅबचं, म्हणजे त्या हर-टूला रोखणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन. भाऊ वेर्ण्याला औषध कंपनीत शिफ्टला जातो. त्याचं म्हणणं असं, की नवीन औषध शोधायला हजारो कोटी लागतात, सरकारने भाव दाबले तर उद्या नवीन औषधं यायचीच बंद होतील. ताई विचारतात, "त्याचं खरं असेल तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? आणि खरं नसेल तर इंजेक्शन एवढं महाग का? दोन्ही बाजू सांभाळणं जमतं का कुणाला?"

ताई, मी बावीस वर्षं गोव्यातल्या औषध कारखान्यांत काढली. आधी ग्रॅन्युलेशनला, मग क्वालिटीत. नंतरची अकरा वर्षं एका इस्पितळाच्या औषध भांडारात गेली. तुमचा भाऊ जे सांगतो ते कॅन्टीनमध्ये बसून मीही लोकांना ऐकवायचो, आणि मनापासून ऐकवायचो. भांडारात आल्यावर, खरेदीची बिलं हातात आल्यावर, माझं मत पालटलं. संशोधनाचा खर्च खोटा नाही. पण औषधाच्या पाकिटावरचा भाव त्या खर्चातून निघतो, हे खरं नाही.

आधी खर्चाचं बघू. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या गटाने २०१६ साली एका नव्या औषधामागचा खर्च २.६ अब्ज डॉलर काढला. हाच आकडा सगळीकडे फिरतो. त्यातले सुमारे १.२ अब्ज डॉलर कुणाच्या खिशातून गेलेलेच नाहीत. एवढा पैसा दहा-बारा वर्षं दुसरीकडे गुंतवला असता तर काय मिळालं असतं, त्याचा तो हिशेब आहे. उरलेल्यात फसलेल्या औषधांचा खर्चही धरलेला आहे, आणि तो धरायलाच हवा, कारण माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतलं जेमतेम एक बाजारात येतं. २०२० साली दुसऱ्या एका गटाने कंपन्यांचे जाहीर हिशेब घेऊन तीच बेरीज पुन्हा केली, तर मध्यक, म्हणजे ओळीत मधोमध येणारा आकडा, निघाला ९८.५ कोटी डॉलर. एकाच गोष्टीची दोन उत्तरं, आणि एक दुसऱ्याच्या अडीचपट. कंपनीत असताना यातला मोठाच आकडा आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवत, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या टोकाचंही एक उदाहरण आहे. आफ्रिकेतल्या निद्रारोगावरची फेक्सिनिडाझोल ही गोळी डीएनडीआय या ना-नफा संस्थेने एका मोठ्या कंपनीला बरोबर घेऊन आणली. २०१८ मध्ये तिला युरोपच्या औषध यंत्रणेचा हिरवा कंदील मिळाला. संस्थेने दिलेला हिशेब साधारण साडेपाच कोटी युरोचा आहे. यावर भाऊ म्हणेल, ते रसायन जुनंच होतं, कुणीतरी अर्धवट सोडून दिलेलं. बरोबर आहे. आणि वाट बघण्याचं व्याजही त्यात धरलेलं नाही. तरीसुद्धा अब्जाच्या आकड्याशिवाय औषध होतच नाही, असं म्हणायला जागा उरत नाही.

आता भाव. हिपॅटायटिस सीवरची सोफोसबुव्हिर ही गोळी २०१३ च्या शेवटी अमेरिकेत आली, तेव्हा एका गोळीला हजार डॉलर होते. बारा आठवड्यांच्या कोर्सचे झाले ८४ हजार. अमेरिकी सिनेटच्या समितीने कंपनीचे आतले कागद मागवून दीड वर्ष तपासले आणि २०१५ मध्ये अहवाल दिला. भाव ठरवताना संशोधनाच्या खर्चापेक्षा महसूल जास्तीत जास्त कसा येईल हे पाहिलं गेलं, असा त्याचा निष्कर्ष. त्याच गोळीचे परवाने २०१४ मध्ये भारतातल्या कंपन्यांना दिले गेले आणि इथे तो कोर्स काही हजार रुपयांवर आला. पुढे सरकारी कार्यक्रमात फुकट मिळू लागला. गोळी तीच, संशोधनही तेच. भाव बदलला तो गिऱ्हाईक किती सोसेल त्याप्रमाणे आणि शेजारी दुसरं दुकान आहे की नाही त्याप्रमाणे.

हे दुसरं दुकान आपल्याकडे कायद्याने उघडलं. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, बनवण्याच्या पद्धतीवर होतं. दुसऱ्या वाटेने तोच रेणू बनवा, कुणी अडवणार नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कोलवाळ इथे आज जे शेड दिसतात त्यांची मुळं त्या कायद्यात आहेत. २००५ पासून रेणूवरही पेटंट आलं, पण कलम ३(ड) ठेवलं गेलं. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून पेटंट वाढवून मागाल तर मिळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. टीबीच्या बेडाक्विलिन गोळीच्या बाबतीत असंच झालं. तिच्या क्षाररूपावर पेटंट मागितलं होतं, ते २०२७ पर्यंत चाललं असतं. टीबीतून बऱ्या झालेल्या नंदिता व्यंकटेशन आणि फुमेझा तिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैत संपलं. पेटंटची वीस वर्षं कंपनीला पूर्ण मिळाली होती, वरची चार तेवढी मिळाली नाहीत. याला मी संशोधनावरचा अन्याय म्हणणार नाही.

तुमच्या आईच्या इंजेक्शनची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. हर-टू जनुकाचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या डॉ. डेनिस स्लेमन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवला. औषध बनवणारी कंपनी पुढे पैसा घालायला कां-कू करत होती, तेव्हा त्यांच्या कामाला हात दिला रेव्लॉनने. हो, तीच, लिपस्टिकवाली. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. भारतात मूळ कंपनीने २०१३ मध्ये पेटंटचा पाठपुरावा सोडला आणि २०१४ च्या सुरुवातीला बंगळुरूच्या बायोकॉनचं बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाच्या तोडीचं, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) आलं, ४४० मिलिग्रॅमच्या व्हायलला ५७,५०० रुपये. मूळ औषधापेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी, आणि तरीही महागच. कोर्टकचेरी झाली, मग आणखी कंपन्या उतरल्या आणि भाव खरा उतरू लागला तो तिथून पुढे.

आता व्हायलकडेच नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नातला बराच पैसा तिथे आहे.

पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, पुढचे ६. आईचं वजन ५५ किलो धरलं तर लागतात ३३० मिलिग्रॅम. व्हायल ४४० ची. मग ११० चं काय होतं? मी भांडारात रुजू झालो तेव्हा ते सिंकमध्ये जायचं. दर खेपेला व्हायलचा चौथा हिस्सा. मी नर्सिंग स्टेशनला उभा राहून पाहिलंय, सिस्टर बिचाऱ्या नियमाप्रमाणे उरलेलं ओतून टाकून सही करत. ४४० च्या व्हायलबरोबर जंतुरोधक घातलेलं पाणी मिळतं. त्याने विरघळवली तर २ ते ८ अंशांत ती अठ्ठावीस दिवस टिकते, असं लेबलवरच छापलेलं असतं. आम्ही काय केलं, एवढंच की साधारण सारख्या वजनाच्या चार पेशंटना एकाच दिवशी बोलावलं. चार गुणिले ३३० म्हणजे १३२०. तीन गुणिले ४४० म्हणजेही १३२०. चार पेशंट, तीन व्हायल, थेंब वाया नाही. पेडण्याहून येणाऱ्या एका आजींना मंगळवार सोयीचा नव्हता, त्यांना आम्ही बसचं वेळापत्रक बघून दुपारचा स्लॉट दिला. त्यासाठी नवं मशीन आणलं नाही की मंत्रालयाचा आदेश मागवला नाही. लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या टेबलावर) काम करणारा एक फार्मासिस्ट आणि एक वही, बस्स. (हे इस्पितळाच्या फार्मसीतच करायचं. घरच्या फ्रिजमध्ये उरलेली व्हायल ठेवून पुढच्या वेळी नेणं हा खेळ कुणी करू नये.)

त्याहून मोठा प्रश्न असा की वर्षभर तरी का? सहा महिने पुरतील का? इंग्लंडमध्ये सरकारी पैशातून याचा अभ्यास झाला, नाव पर्सेफनी, ४,०८९ रुग्ण. चार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण वर्षभरवाल्यांत ८९.८ टक्के आणि सहा महिनेवाल्यांत ८९.४. हृदयाचे त्रास सहा महिनेवाल्यांत कमी. फ्रान्सच्या 'फार' (PHARE) नावाच्या अभ्यासात मात्र सहा महिने कमी पडत नाहीत हे सिद्ध झालं नाही, थोडक्यात हुकलं. म्हणून आजही वर्षभराचाच शिरस्ता आहे, आणि तुम्ही स्वतःहून डोस मुळीच थांबवू नका. मला सांगायचंय ते वेगळं. आपलं औषध निम्मं वापरून चालेल का, हे तपासायला कुठली कंपनी पैसे घालेल? घालू नये, तो तिचा धंदाच नाही. ते संशोधन सरकारलाच करावं लागतं. संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त नवा रेणू येतो. डोस कमी करणारं, दिवस कमी करणारं संशोधनही संशोधनच आहे, आणि दर रुपयामागे ते गरिबाच्या जास्त उपयोगी पडतं असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या भावाच्या बाजूने बोलतो, कारण त्याच्याही म्हणण्यात एक मेख आहे आणि तिच्याकडे आमच्यासारखे सरकारी खरेदीवाले काणाडोळा करतात. औषध फार स्वस्त झालं तर ते गायब होतं.

कमाल भाव कसा ठरतो ते बघा. २०१३ च्या औषध भाव नियंत्रण आदेशाप्रमाणे आवश्यक औषधांच्या यादीतलं औषध असेल तर बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या सगळ्या ब्रँडांचा, दुकानदाराला पडणारा भाव घेऊन सरळ सरासरी काढतात आणि वर सोळा टक्के दुकानदाराचे. तीन कंपन्यांचे भाव ८, १० आणि १२ असतील तर सरासरी १०, कमाल भाव ११ रुपये ६० पैसे, वर जीएसटी. यात शोधाचा खर्च कुठे दिसला? बनवण्याचाही दिसला नाही. १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च धरत, ते सोडून दिलं. त्यामुळे ज्या औषधाचा भाव बाजारात आधीच फुगलेला आहे त्याची कमाल मर्यादाही फुगलेलीच राहते. आणि ज्याचा भाव वर्षानुवर्षं तळाला आहे त्याला, कच्चा माल महागला तरी, घाऊक किंमत निर्देशांकाएवढीच वाढ मिळते.

पेनिसिलिनचं असंच झालं. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं द्यावं लागतं. एक वर्ष असं गेलं की आमच्या भांडारात ते नव्हतं, घाऊक विक्रेत्याकडे नव्हतं, म्हापशा-मडगावच्या फार्मसीत नव्हतं. सत्तरीतल्या एका मुलीचे वडील दर आठवड्याला खिडकीशी येऊन उभे राहत आणि मी मान हलवत असे. दुसऱ्या दिवशी दहा लाखांचं कॅन्सरचं औषध मागवलं असतं तर कुरिअरने आलं असतं. दहा-वीस रुपयांचं इंजेक्शन कुठे मिळत नव्हतं. पेनिसिलिनचा कच्चा माल इथे बनणं हळूहळू बंद पडलं होतं, चीनचा माल स्वस्त पडायचा म्हणून. तिकडे भाव चढला की इथे कुणालाच इंजेक्शन बनवणं परवडत नसे. शेवटी भाव नियंत्रण प्राधिकरणाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये एकवीस फॉर्म्युलेशनचे (औषधाचं रूप आणि डोस धरून) कमाल भाव एकदम पन्नास टक्क्यांनी वाढवले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी आठ औषधांचे. दोन्ही याद्यांत पेनिसिलिनचं कुठलं ना कुठलं इंजेक्शन होतं. भाव वाढवला म्हणून ओरड झाली. मी मात्र त्या दिवशी त्या वडिलांची आठवण काढली.

स्वस्ताईचा दुसरा धोका दर्जाचा. सरकारी निविदेत सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम जातं, आमच्या भाषेत एल-वन. एकदा एका कंपनीने एका अँटिबायोटिकला असा भाव लावला की त्यात कच्चा मालसुद्धा येत नाही, हे मला कारखान्यातल्या अनुभवावरून दिसत होतं. मी टिपण लिहिलं. फाईल फिरून परत आली: "नियमानुसार एल-वन." पहिली खेप आली, दुसरी उशिरा आली, तिसरी आलीच नाही. मग तातडीची स्थानिक खरेदी, जवळजवळ छापील किमतीला. स्वस्ताईत आम्ही जेवढे वाचवले त्याच्या दुप्पट गेले. पण सगळा दोष कंपनीचा होता असं म्हणणार नाही. तिची बिलं आमच्याकडे नऊ महिने पडून होती. नऊ महिने पैसे अडकणार हे ठाऊक असलं की पुढच्या वेळी चांगली कंपनी एकतर येत नाही, नाहीतर ते व्याज भावात घालून येते. भाव कशाने वाढतो याच्या चर्चेत पेटंट येतं, संशोधन येतं, नफेखोरी येते. लेखा विभागातल्या टेबलावर पडलेली फाईल येत नाही. घोडं पेंड खातं ते बहुतेक वेळा तिथे.

तामिळनाडूने हे १९९५ च्या सुमारास सोडवलं. खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, प्रत्येक इस्पितळाला पासबुक दिलं, आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना प्रयोगशाळेत पास झाल्याशिवाय वाटप बंद, आणि पैसे वेळेवर. राजस्थानने २०११ मध्ये तोच धडा गिरवला. आपण पंधरा लाखांचं राज्य. एकटे खरेदीला गेलो तर घाऊक बाजारात आपल्याला कोण विचारतो? एखाद्या महागड्या औषधाच्या वर्षाला आपल्याला चाळीस व्हायल लागत असतील, त्यासाठी कंपनी का वाकेल? म्हणून एकत्र खरेदी. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने (देशातल्या कॅन्सर इस्पितळांच्या जाळ्याने) तेवीस केंद्रांसाठी चाळीस औषधांची एकच बोली लावली, तेव्हा औषधागणिक २३ पासून ९९ टक्क्यांपर्यंत बचत झाली. ही बहुतेक पेटंट संपलेलीच औषधं होती, म्हणजे कुणाच्या संशोधनाचा पैसा बुडाला असंही नाही. मधल्या मधे जो विरघळत होता तोच वाचला. मधला किती असतो याची कल्पना हवी असेल तर 'छापील किमतीवर साठ टक्के सूट' अशी पाटी लावलेल्या दुकानासमोर उभं राहून विचार करा, की एवढी सूट देऊनही त्याचं दुकान कसं चालतं.

तर ताई, दोन्ही बाजू सांभाळता येतात, पण एकाच पाकिटावर दोन्ही खर्च छापून नव्हे. ज्या औषधाचं पेटंट चालू आहे तिथे सरकारने मोठ्या संख्येची हमी देऊन भाव पाडून घ्यावा, आणि कंपनी अगदीच ऐकत नसेल तर सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्याला ते औषध बनवू देण्याची सोय, कायद्यात आहेच. २०१२ मध्ये किडनी आणि यकृताच्या कॅन्सरच्या सोराफेनिबवर तो दिला गेला, महिन्याचे २,८०,००० चे ८,८०० झाले आणि मूळ कंपनीला रॉयल्टीही मिळाली. दरवेळी ते हत्यार उपसावं असं नाही, म्यानात आहे एवढं दिसलं तरी बोलणी बदलतात. पेटंट संपलंय तिथे एकत्र खरेदी आणि बॅचची तपासणी. आणि पेनिसिलिनसारखं ज्यात कुणालाच नफा नाही ते सरकारनेच बनवावं, नाहीतर बनवणाऱ्याला पुरेसा भाव द्यावा. आपल्या पेडण्यात तुयें इथे सरकारी मालकीचा औषध कारखाना आहे, १९८० सालात स्थापलेली कंपनी. अशा ठिकाणी जुनी, स्वस्त, अडलेली औषधं बनवून घ्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी निवृत्तीच्या दिवशीही विचारला होता. भावाला एवढंच सांगा, की त्याच्या कंपनीची पगाराची पाकिटं बहुतेक करून पेटंट संपलेल्या गोळ्यांवर चालतात. नव्या रेणूची काळजी त्याने जरूर करावी, पण भाव कमी झाला म्हणून त्याची शिफ्ट बंद पडणार नाही. निविदेत बिल अडकलं तर कदाचित पडेल.

आता आईचं. दीनदयाळ कार्डाचं (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचं) नूतनीकरण झालंय का ते आजच बघा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाखांचं संरक्षण त्यात आहे. त्यामुळे बाहेरून काही विकत घेण्याआधी कार्डावर काय बसतं ते योजनेच्या खिडकीवर विचारा. डॉक्टरांना विचारा की बायोसिमिलर चालेल ना, आणि चालत असेल तर पूर्ण वर्ष एकच ब्रँड ठेवता येईल का. फार्मसीत विचारा की त्याच वजनाच्या पेशंटबरोबर आईची तारीख जुळवून देतील का. कुणी विचारल्याशिवाय हे होत नाही, आमच्याकडेही एका पेशंटच्या सुनेने विचारल्यावरच सुरू झालं. दर तीन महिन्यांची इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवू नका, हे इंजेक्शन काहींच्या हृदयावर ताण आणतं. प्रत्येक खेपेला व्हायलवरचा बॅच नंबर फाईलमध्ये लिहून घ्या. आणि व्हायल बाहेरून न्यायची वेळ आलीच तर थर्मासच्या डब्यात बर्फाचा पॅक आणि व्हायल यांच्यामध्ये जाड टॉवेल घाला. बर्फाला टेकून गोठली तर ती व्हायल वापरता येत नाही.